इसार दिला म्हणजे घर आपले झाले नाही

घराची बोलणी आपल्याकडे चहाच्या कपावर सुरू होतात आणि कप रिकामा होईपर्यंत अर्धी पक्कीही होतात. "टोकन देऊन ठेवा, बाकीचं नंतर बघू," असे विकणारा म्हणतो. मग अम्मीच्या बांगड्या मोडल्या जातात, आखातातला भाऊ पैसे पाठवतो, भिशी उचलली जाते. नोटरीकडे जाऊन स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहिल्या जातात. हा कागद पूर्वी शंभराचा असे, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. घरी येऊन सगळे सांगतात, "घर घेतले."

दोन-तीन महिन्यांनी व्यवहार मोडतो. विकणाऱ्याला जास्त भाव मिळतो, किंवा बँक कर्ज नाकारते, किंवा विकणाऱ्याची लग्न होऊन गेलेली बहीण समोर येते आणि म्हणते, "या घरात माझाही वाटा आहे, मला कुणी विचारलेच नाही." मग भांडण होते, मध्यस्थ येतात, शेवटी वकील येतो. वकिलाचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे नेमका कोणता कागद आहे?"

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५४ मध्ये साफ सांगितले आहे की विक्रीचा करार केला म्हणून त्या मालमत्तेत खरेदीदाराचा कोणताही हक्क तयार होत नाही. मालकी बदलते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. इसारपावती, साठेकरार, नोटरीचा कागद, कुलमुखत्यारपत्र यांपैकी कशानेही ती बदलत नाही. कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकण्याची' पद्धत देशभर फोफावली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प खटल्यात सांगितले की अशा कागदांनी मालकी जात नाही. तरीही 'पॉवरवर घर' आजही विकले जाते आणि घेणारे घेतातही.

व्यवहार मोडला त्या दिवशी घर विकणाऱ्याचेच असते. आपल्या हातात असतो तो त्याच्याविरुद्धचा दावा, एकतर "करार पूर्ण कर" असा किंवा "पैसे परत दे" असा. तो दावा किती मजबूत आहे हे कागदावर आणि तारखांवर ठरते.

पाचूबंदरच्या गल्लीत

वसई किल्ल्याच्या लगत, खाडी समुद्राला मिळते तिथे किल्लाबंदर आणि पाचूबंदर या जुन्या मासेमारी वस्त्या आहेत. होड्या, सुकत घातलेली मासळी, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाल्यापासून या टोकाकडे बाहेरच्या माणसाचे येणे-जाणे वाढले आहे. अशा जागी घर घेताना शहरातल्या फ्लॅटपेक्षा वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न जमिनीचा. कोळीवाड्यांत आणि जुन्या गावठाणांत भिंती आणि छप्पर एकाचे, खालची जमीन दुसऱ्याची किंवा सरकारची, असे अनेक ठिकाणी असते. विकणारा घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल दाखवतो. आपल्याला वाटते, नाव तर याचेच आहे. पण घरपट्टी महापालिका कर गोळा करण्यासाठी लावते आणि वीज कंपनी बिल वसुलीसाठी पाठवते. दोघींनाही मालक कोण याच्याशी देणेघेणे नसते. सातबाऱ्यावरचा फेरफारसुद्धा महसुलाच्या सोयीसाठी असतो, एकट्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही. पालघर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहायची असते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेली जमीनही परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि किनाऱ्यावर 'ही जुनी घरे पाडून इमारत बांधतो, तुम्ही आत्ताच फ्लॅट बुक करा' असे कुणी सांगत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, परवानगी आधी पाहायला मागावी. ती कागदावर दिसली नाही तर चहा पिऊन उठावे.

दुसरा प्रश्न वारसांचा, आणि इथेच बहुतेक वाद जन्म घेतात. वसईत मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू घरे एकमेकांना लागून आहेत, पण घरमालक वारला की प्रत्येक घरात वारसाचा कायदा वेगळा लागू होतो. ख्रिस्ती कुटुंबात भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे विधवेला तिसरा हिस्सा आणि उरलेल्यात मुलगे-मुली समान. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच. आपल्याकडे शरीअतप्रमाणे हिस्से. म्हणून घर कुणाकडून घेतो आहोत, त्याच्या घरात कोण वारले, कधी वारले आणि मागे कोण कोण राहिले, हे विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे नव्हे. पैसे देणाऱ्याने ते विचारायलाच हवे.

भाऊ विकतो, बहीण कुठे आहे?

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. एक माणूस वारला. मागे बायको, एक मुलगा आणि दोन मुली. कर्ज, वसीयत वगैरे फिटल्यावर बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशाचे चार भाग, त्यातले दोन मुलाचे आणि एकेक प्रत्येक मुलीचा. घराचे ३२ भाग धरले तर आईचे ४, मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७ होतात. वडील वारल्याच्या क्षणीच हे हिस्से पडतात, त्यासाठी कुठे नोंद व्हावी लागत नाही. पण घरात राहतो मुलगा, घरपट्टी भरतो तोच, आणि एक दिवस तोच 'घर विकायचे आहे' असे सांगतो.

त्याच्या एकट्याच्या सहीने घेतले तर आपल्याला ३२ पैकी १४ भागच मिळतात, तेही मोजून वेगळे काढलेले नव्हेत. त्यातही कलम ४४ आडवे येते. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला तर त्याला त्या घरात जाऊन राहण्याचा हक्क मिळत नाही, आधी वाटपाचा दावा लावावा लागतो. म्हणजे पूर्ण घराचे पैसे भरून दारात उभे राहायचे.

आपल्या समाजात बहिणीची सही घेतली जाते, पण तिचा वाटा दिला जात नाही. ईदीसारखे काहीतरी हातावर ठेवून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणारे भाऊ कमी नाहीत. मग वर्षांनी ती बहीण किंवा तिची मुले कोर्टात जातात, आणि भावाबरोबर खरेदीदारही त्यात ओढला जातो. वडील हयात असतानाच मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीला सहसा काही किंमत नसते, कारण तेव्हा तिच्याकडे सोडण्यासारखा हक्कच नसतो. म्हणून खरेदीदाराने साठेकरारापूर्वी सगळ्या वारसांना एका टेबलावर बसवायला सांगावे आणि प्रत्येकाच्या हिश्श्याचा चेक त्याच्या नावाने काढावा. भावाला राग येईल. पण ज्या भावाला बहिणीच्या नावाचा चेक काढलेला चालत नाही, त्याच्याकडून घर घेण्यात पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिथेच कळते.

अल्पवयीन वारस असेल तर अधिक जपावे. शरीअत कायद्यात अल्पवयीनांच्या मालमत्तेची पालक आई नसते. वडील, त्यांनी नेमलेला माणूस, मग आजोबा, असा क्रम आहे. आईने किंवा मोठ्या भावाने कोर्टाच्या परवानगीशिवाय लहानग्याचा हिस्सा विकला तर ती विक्री रद्दबातल ठरते, हे १९१८ सालच्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून चालत आले आहे. विधवा आईने मुलांच्या फीसाठी विकले असेल, हेतू नेक असेल, तरीही. गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली जिल्हा न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

हिबाचेही तसेच. आपल्यात तोंडी हिबा चालतो. देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने कबूल केले आणि ताबा दिला की झाला. लिहून ठेवला तरी नोंदणी सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. याचा अर्थ असा की विकणाऱ्याच्या वालिदने घरातली वरची खोली लेकीला हिबा केली असेल तर निबंधक कार्यालयाच्या रेकॉर्डमध्ये ती कदाचित कुठेच दिसणार नाही. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ येईल आणि खोलीत ती लेक राहत असेल. म्हणून घरात प्रत्यक्ष कोण राहते आणि कोणत्या हक्काने, हे जाऊन विचारल्याशिवाय इसार देऊ नये.

या सगळ्याला जोडणारा एक निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. खटला आपल्या महाराष्ट्रातलाच, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून वर गेलेला. एक मुसलमान गृहस्थ अपत्य नसताना वारले, मागे पत्नी आणि भाऊ. मालमत्तेच्या एका भागाच्या विक्रीचा करार त्यांच्या हयातीतच झाला होता, खरेदीखत मात्र मृत्यूनंतरचे. मग तो भाग वारसांच्या वाटपात धरायचा की नाही? न्यायालयाने सांगितले, धरायचा. करारामुळे मालकी गेलेली नव्हती, म्हणून मृत्यूच्या दिवशी तो भाग मयताच्या मतरूकातच होता, आणि अपत्य नसल्याने विधवेचा हिस्सा चौथा. पत्नीची मागणी याहून मोठ्या हिश्श्याची होती, ती मान्य झाली नाही.

ज्यांनी इसार दिला आहे आणि विकणारा म्हातारा आहे, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. खरेदीखत व्हायच्या आत विकणारा अल्लाला प्यारा झाला तर घर त्याच्या वारसांकडे जाते. करार वारसांवरही बंधनकारक असतो, पण आता एका माणसाऐवजी सात-आठ जणांकडून तो पूर्ण करून घ्यायचा असतो, आणि त्यातला एखादा मस्कतला असतो.

मोडल्यावर काय हातात राहते

व्यवहार विकणाऱ्याने मोडला तर खरेदीदार कोर्टात जाऊन करार पूर्ण करून मागू शकतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर पूर्वीइतके राहिलेले नाही. पण खरेदीदाराला एक गोष्ट सिद्ध करावीच लागते, की आपण आपल्या बाजूने सगळा वेळ तयार होतो आणि आपल्याकडे पैशांची सोय होती. बँकेचे खाते, कर्जमंजुरीचे पत्र, 'अमुक तारखेला निबंधक कार्यालयात या' असे पाठवलेले रजिस्टर पत्र, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, हे सगळे जपून ठेवावे. 'माझा भाऊ देणार होता' एवढ्यावर कोर्टात भागत नाही.

मुदत तीन वर्षांची आहे. करारात खरेदीखताची तारीख लिहिली असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळले त्या दिवसापासून. नोटीस पाठवत बसल्याने ही मुदत थांबत नाही. जमातीच्या ज्येष्ठांसमोर बैठका घेण्यात दोन वर्षे गेली आणि तिसरे वर्ष वकील शोधण्यात गेले, असे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. बैठका घ्याव्यात, पण कॅलेंडर समोर ठेवून. आणि दाव्यात 'घर मिळाले नाही तर इसाराचे पैसे परत मिळावेत' ही मागणी स्पष्ट लिहून घ्यावी. ती लिहिली नसेल तर कोर्ट आपणहून पैसे देववत नाही.

करार पूर्ण करणे शक्यच नसेल, तर दिलेल्या रकमेपुरता त्या मालमत्तेतल्या विकणाऱ्याच्या हितावर आपला बोजा राहतो, अर्थात खरेदीदाराने विनाकारण पाठ फिरवली नसेल तर. कलम ५५ मधली ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक आहे.

रोखीत इसार देणाऱ्यांचे हाल सगळ्यात वाईट. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रुपये आगाऊ म्हणून रोखीत घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एका शिक्षणसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचा दावा समोर आला तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवावे. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. नुसता करार हातात असलेला माणूस जागेच्या ताब्यात असलेल्या तिसऱ्याच माणसाला कोर्टात खेचू शकत नाही, त्याचे भांडण विकणाऱ्याशीच.

आता व्यवहार खरेदीदाराने मोडला तर इसार बुडाला का? इथे शरीअत आणि देशाचा कायदा दोन्हींकडे पाहण्यासारखे आहे. फिकहमध्ये याला बय-उल-उर्बून म्हणतात. हनफी, मालिकी आणि शाफई इमामांच्या मते खरेदीदाराने माघार घेतली म्हणून विकणाऱ्याने इसार खिशात घालणे जायज नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावे. इमाम अहमद बिन हंबल यांनी मात्र त्याला मुभा दिली, आणि त्यांचा आधार होता एका घराचाच सौदा. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मक्केत तुरुंगासाठी नाफे बिन अब्दुल हारिस यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर चार हजारांना ठरवले. अट अशी की हजरत उमर राजी झाले तर सौदा पक्का, नाही झाले तर सफवान यांना चारशे मिळतील. १९९३ मध्ये ब्रुनेईला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने मुदत ठरलेली असेल तर असा इसार चालेल असे मान्य केले. आणि दोघांनी राजीखुशीने सौदा मागे घेणे, म्हणजे इकाला, हे तर सगळ्यांच्याच मते चांगले.

भारतीय करार कायद्याचे कलम ७४ या दोन टोकांच्या मधे उभे आहे. खरा इसार, म्हणजे व्यवहाराची हमी म्हणून दिलेली वाजवी रक्कम, करारात तसे लिहिले असेल तर जप्त होऊ शकते. पण किमतीचा हप्ता म्हणून दिलेले पैसे जप्त करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. म्हणून पावतीवर 'टोकन' असा मोघम शब्द न लिहिता किती रक्कम इसार आणि किती किमतीपोटी, हे वेगवेगळे लिहावे. 'बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत' ही एक ओळ घालायला विसरू नये. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, याची सूचना सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ती कुरआनातली सर्वांत लांब आयत. आपण ती रमजानमध्ये वाचतो आणि शव्वालमध्ये कोऱ्या कागदावर सही करतो.

बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे रेरा आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेत दिला नाही तर कलम १८ खाली पैसे व्याजासह परत मागता येतात, आणि हा हक्क बिनशर्त आहे असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितले. जमिनीच्या मालकीतच दोष निघाला तर नुकसानभरपाई मागता येते, आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. पण हुकूम मिळणे आणि पैसे मिळणे यांत अंतर असते. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि ज्या बिल्डरच्या नावावर काहीच उरले नाही त्याच्याकडून वसूल काय करणार?

नालासोपारा पूर्वेची ४१ इमारतींची हकीकत वसईकरांच्या डोळ्यांसमोर आहे. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या उभ्या राहिल्या होत्या. ईडीच्या म्हणण्यानुसार बनावट कागदपत्रे दाखवून त्यातली घरे विकली गेली. उच्च न्यायालयाच्या २०२४ च्या आदेशानंतर, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. तिथल्या लोकांनीही घरपट्टीच्या पावत्या आणि विजेची बिले दाखवली असतील. जमीनच विकणाऱ्याची नसेल तर त्याच्याकडून घेतलेला कागद कितीही जाड असला तरी मालकी देत नाही.

विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. साठेकरार नोंदवला असेल आणि मग व्यवहार मोडला, तर पैसे परत करून हात मिळवले एवढ्यावर थांबू नये. करार सूची क्रमांक दोनमध्ये, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तसाच दिसत राहतो आणि पुढचा खरेदीदार किंवा त्याची बँक तिथे अडते. त्यासाठी रद्दलेख नोंदवावा लागतो. घराचा ताबा घेतलेला नसेल आणि करारापासून पाच वर्षांच्या आत तो रद्द झाला असेल तर भरलेले मुद्रांक शुल्क परत मागता येते, पण रद्दलेख नोंदवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला तरच. ही रक्कम काही लाखांत असू शकते, आणि अर्ज न केल्यामुळे ती सरकारकडेच राहते.

इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते, सातबारा आणि मिळकत पत्रिकाही ऑनलाइन मिळतात. वकिलाची फी जड वाटते म्हणून गप्प बसणाऱ्या बहिणींना आणि विधवांना हे सांगायला हवे की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो, सोबत घराचे जे काही कागद असतील ते, अगदी वालिदच्या नावाची जुनी घरपट्टीची पावतीसुद्धा.